रोहूच्या आतड्यातील जिवाणूंविषयी

पुणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

शेततळ्यातील माशांच्या आतड्यातील जिवाणूंवर प्रबंध करण्याचा तुझा विचार कळला. विषय चांगला आहे. मात्र इंदापूरकडच्या तळ्यांतील रोहू आणि चिलापी (तिलापिया) या माशांची तुलना करणार असशील, तर जिवाणू ओळखण्यासाठी करायच्या डीएनए क्रमनिर्धारणाचे पैसे भरण्याआधी दोघांचा पचनमार्ग स्वतः उघडून पाहा. रोहूला जठर नसते, त्यामुळे खाद्याबरोबर गिळलेले पाणी आणि चिखल यांतील जिवाणू आम्लाचा मारा न सोसता थेट आतड्यात उतरतात. चिलापीच्या जठरात मात्र पचन चालू असताना सामू (pH) २च्याही खाली, म्हणजे तीव्र आम्लापर्यंत, जाऊ शकतो.

म्हणून रोहूच्या आतड्यात जे सापडेल ते सारे तिथले रहिवासी समजू नकोस. आतडे उभे चिरून आतला मळ एका कुपीत घे. मग निर्जंतुक क्षारद्रावणाने ते हलक्या हाताने धुऊन भिंतीवरचा बुळबुळीत थर काचपट्टीच्या कडेने खरवडून दुसऱ्या कुपीत घे. तळ्याचे पाणी, खाद्य आणि काहीही न घातलेली एक कोरी कुपी यांचीही तपासणी त्याच खेपेत व्हायला हवी, कारण डीएनए काढण्याच्या रसायनांतही परके जिवाणू असतात. भिगवणच्या बाजारातून मासे आणण्याचा सल्ला कोणी दिलाच, तर तो ऐकू नकोस. मेलेल्या माशाच्या आतड्यातील जिवाणूंचे प्रमाण बदलत जाते.

उघड्या हवेत जिवाणू वाढवलेल्या पेट्री डिशवरही (काचेच्या उथळ बशीवरही) विसंबू नकोस. तिच्यावर एरोमोनास हा जिवाणू भरघोस उगवेल. पण गोड्या पाण्यातील अनेक माशांत विपुल असणारा आणि बी१२ जीवनसत्त्व तयार करणारा सेटोबॅक्टेरियम सोमेरे तिथे दिसणार नाही, कारण त्याला प्राणवायू मानवत नाही. शिवाय एरोमोनास निरोगी माशातही असतो. गर्दी वाढून पाणी बिघडले की तो उपद्रव करू लागतो, त्यामुळे तो केवळ सापडला एवढ्यावरून रोगाचे निदान करू नये.

एका तळ्यातील ३० मासे म्हणजे ३० स्वतंत्र नमुने नव्हेत. ते एकाच पाण्यात राहतात आणि एकमेकांची विष्ठाही गिळतात. त्यापेक्षा सहा तळ्यांतील पाच-पाच मासे घे. खर्च तोच, निष्कर्ष कितीतरी भक्कम.

प्रबंधात प्रोबायोटिकचा, म्हणजे खाद्यातून मुद्दाम दिल्या जाणाऱ्या उपयुक्त जिवाणूंचा, भाग ठेवायचाच असेल, तर पाकिटावरच्या आकड्यांत अडकू नकोस. ते खाद्यातून देणे थांबवल्यावर आठवड्याने भिंतीवरच्या थरात तो जिवाणू उरतो का, एवढेच तपास; दर महिन्याला नवे पाकीट घ्यायचे की नाही, हे शेतकऱ्याला त्यावरूनच ठरवता येईल.

तुझा शुभचिंतक