गाडी तुला दिसली म्हणजे तू गाडीला दिसलीस असं नाही

पोरी,

रविवारी ग्राउंडवर तू विचारलंस, "मामा, पळणं सोडून देऊ का?" आणि मी चहाचा कप धरून दुसरीकडं बघत बसलो. उत्तर नव्हतं असं नाही गं, पण सगळ्यांच्या समोर ते बोलायला आलं नसतं. म्हणून लिहितोय, लांबलं तरी वाच.

तुझी अडचण मला कळली. कंपनीची बस सातला, संध्याकाळी घरात पाय ठेवायला साडेसात, म्हणजे पळायला दोन्हीकडनं अंधारच. या दिवसांत आपल्याकडं सूर्यच सातच्या आसपास उगवतोय. त्यात परवा फुलेवाडी नाक्याच्या पुढं मोटरसायकल कोपराला घासून गेली. आता आई म्हणते पोलीस भरती गेली चुलीत, आणि मैत्रिणी म्हणतात घाबरतीस काय, कोल्हापूरची हाईस ना. घाबरायचं की नाही हा प्रश्नच नाही इथं. तू जाता जाता एक वाक्य बोललीस ते माझ्या डोक्यातनं जाईना. म्हणालीस, "मामा, मला तर ती गाडी लांबनं दिसली होती, मग त्याला मी कशी दिसले नाही?"

सगळं घोडं तिथंच अडतंय बघ. गाडी तुला दिसली म्हणजे तू गाडीला दिसलीस असं नाही. गाडीला दिवा हाय, तुला नाही. सरळ रस्ता असला तर तिचा उजेड तुला अर्ध्या किलोमीटरवरनं दिसतो, आणि माणसाचं मन असं की मला ती एवढी स्पष्ट दिसते म्हटल्यावर तिलाही मी दिसतच असणार असं आपोआप धरून चालतं. काळा ट्रॅकसूट घातलेलं माणूस डिपरच्या, म्हणजे खाली केलेल्या दिव्याच्या, उजेडात दिसायला लागतं ते पंचवीस-तीस मीटरवर. आता हिशेब कर. ताशी ६० नं येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर तोडते. ड्रायव्हरच्या डोळ्यात तू शिरून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला की २५ मीटर संपले, म्हणजे ब्रेक लागायच्या टायमाला गाडी तुझ्यापाशी आलेली असते. ड्रायव्हर चांगला असला तरी, शुद्धीत असला तरी, जागा असला तरी. आणि पहाटे तीन ते पाच ही तर ड्रायव्हर लोकांचे डोळे मिटायची वेळ.

हे मला कुणी शिकवलं नाही, मी ते लई महाग घेतलंय.

१९९६ ची गोष्ट, जानेवारी महिना, साखर कारखान्यांचा सीझन जोरात. मी चोवीस वर्षांचा आणि माझ्याबरोबर आमच्या गल्लीतलाच एक पोरगा, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पोलीस भरतीची तयारी करायचा. पायात वारं भरल्यागत पळायचा. आम्ही रोज पाचला गगनबावड्याच्या रस्त्याला लागायचो, डाव्या बाजूनं, गाड्यांकडं पाठ करून, शेजारी शेजारी बोलत. दोघांच्या अंगात गडद कपडे. माझी आई म्हणायची पांढरा शर्ट घालून जा रे, मी म्हणायचो मळतोय. त्या दिवशी मागनं उसाचा ट्रॅक्टर आला. आवाज आला तसे आम्ही खाली मातीत उतरलो, ट्रॅक्टर गेला, ट्रॉली गेली, आणि मी म्हणालो, "गेली, चल." तो वर चढला. मागं दुसरी ट्रॉली होती. तिला ना दिवा, ना रेडियम, आणि ऊस दोन्हीकडनं हातभर बाहेर आलेला. दुसरी ट्रॉली नेहमी हेलकावे खाते, ते तुला आता कुणीही सांगेल. उसाच्या मोळीनं त्याला ढकललं आणि चाक गुडघ्यावरनं गेलं.

जीव वाचला. पाय राहिला, पण पळणं संपलं. आज तो नोकरी करतो, संसार चांगला हाय, मला भेटला की हसून बोलतो आणि त्या दिवसाचं एक अक्षर काढत नाही. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ट्रॅक्टर तसाच पुढं गेला, दीड-दोन किलोमीटरवर चहाच्या गाड्यापाशी थांबलेला लोकांनी गाठला. ड्रायव्हर म्हणाला, मला कोण दिसलंच नाही. मी त्याला बारा-तेरा वर्षं खोटारडा म्हणत आलो. जो भेटेल त्याला सांगायचो, एवढे दोन धिप्पाड पोरगे दिसत नाहीत होय?

मग २००९ मध्ये मी स्वतः गाडी घेऊन राधानगरीहून येत होतो, रात्री नऊची वेळ, समोरनं एकजण अप्पर, म्हणजे वरचा झोत, मारत आला, डोळे दिपले, आणि तो गेल्यावर माझ्या बंपरपुढं एक पोरगा होता. निळा ट्रॅकसूट, कानात वायरी. मी ब्रेकवर उभाच राहिलो. हातभर अंतर राहिलं. पोरगं माझ्याकडं असं बघत होतं की मी आंधळा आहे, कारण त्याला मी लांबनं दिसत होतो ना! मी गाडी कडेला घेतली आणि अर्धा तास तिथंच बसलो. त्या ट्रॅक्टरवाल्यानं खरं सांगितलं होतं. त्याला आम्ही दिसलोच नव्हतो.

म्हणून परत सांगतो, आणि तू वैतागलीस तरी सांगणार, गाडी तुला दिसली म्हणजे तू गाडीला दिसलीस असं नाही. हे एवढं डोक्यात बसलं की बाकीचं तुझं तुलाच सुचत जाईल, आणि हे बसलं नाही तर मी दहा वस्तू घेऊन दिल्या तरी उपयोग नाही.

तो पोपटी टीशर्ट तू मला कौतुकानं दाखवलास, सातशे रुपयाचा. मला तिथंच बोलायचं होतं. तो रंग दिवसा उठून दिसतो कारण ऊन त्याच्यावर पडतं. रात्री तो नुसता फिक्कट टीशर्ट, काळ्यापेक्षा बरा एवढंच. रात्री काम करतं ते रेडियम. त्याच्यात काचेचे बारीक मणी असतात, जिकडनं उजेड येतो तिकडंच तो माघारी पाठवतात, म्हणजे थेट ड्रायव्हरच्या डोळ्यात. पण रेडियमवाल्याकडं गेलीस की तो कुठलंही चकचकीत स्टिकर देईल. तपासायचं असं: अंधारात पट्टी पाच-सहा पावलांवर ठेव, मोबाईलचा टॉर्च आपल्या डोळ्याला खेटून धर आणि बघ. पेटल्यासारखी दिसली तर खरी, नाहीतर परत दे. सेफ्टी जाकिटाला असते ती चंदेरी पट्टी मीटरवर मिळते. आणि ती छातीवर लावून थांबू नकोस, घोट्याला लाव, गुडघ्याला लाव, मनगटाला लाव. छातीवरची पट्टी लांबनं दगडाला, खांबाला लावल्यागत दिसते, पण दोन पट्ट्या खालीवर, खालीवर हलताना दिसल्या की ड्रायव्हरला क्षणात कळतं हे माणूस आहे आणि पळतंय. झाडूवाल्या बायका पहाटे काम करत असतात, त्यांच्या अंगातली ती केशरी जाकिटं बघ, लांबनं आधी पट्ट्याच दिसतात.

पण रेडियमला समोरनं उजेड लागतो. वळणावरनं येणाऱ्या गाडीचा दिवा तुझ्यावर पडतच नाही, तेव्हा ते मेलेलं असतं. म्हणून तुझ्याकडं स्वतःचा दिवा पाहिजे. पुढं पांढरा, मागं सायकलीला असतो तसला लाल लुकलुकणारा, कमरेला अडकवायचा. पुढचा दिवा कपाळापेक्षा कमरेला किंवा हातात बरा, कारण कपाळावरच्या दिव्यात खड्ड्याची सावलीच दिसत नाही, रस्ता सपाट वाटतो आणि पाय मुरगळतो. आपल्या रस्त्यांचं तुला वेगळं सांगायला नको.

आणि बाजू! उजव्या बाजूनं पळायचं, येणाऱ्या गाडीला तोंड देऊन. आम्ही डावीकडनं पळत होतो, पाठ करून. आज वाटतं उजवीकडनं असतो तर ती दुसरी ट्रॉली रस्त्याच्या पलीकडनं निघून गेली असती. उजवीकडं वळणारा रस्ता असला आणि पुढचं दिसत नसलं तर वळणाच्या आधीच पलीकडं जा, पुढं परत ये. आणि उजवीकडनं पळतोय म्हणून पाठ सुरक्षित आहे असं समजू नकोस, आपल्याकडं राँग साइडनं येणाऱ्यांना काय तोटा? मधनं मधनं मान वळवायची. एकच दिवा दिसला की मोटरसायकल असं धरायचं नाही, ट्रॅक्टरचा एक दिवा गेलेला असतो आणि मागं दोन ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टर दिसला की मातीत उतर आणि शेवटची ट्रॉली जाईपर्यंत उभी राहा. पूर्ण उभी. घड्याळ थांबव. तुझं टायमिंग गेलं तर गेलं.

कानातलं काढ. एक कान नाही, दोन्ही. आता तर बॅटरीच्या गाड्या आल्यात, आवाजच नाही त्यांना.

आता माझा खरा राग कशावर हाय ते सांगतो. तुला पळायचंय ८०० मीटर. मैदानीचे मार्क पन्नास, त्यातले वीस ८०० चे, पंधरा १०० मीटरचे, पंधरा गोळ्याचे. मग तू पहाटेच्या अंधारात गगनबावडा रस्त्याला दहा-दहा किलोमीटर कशाला जातीस? कुणीतरी सांगितलं स्टॅमिना वाढतो म्हणून? स्टॅमिना रंकाळा तलावाच्या काठावर पण वाढतो, जिथं दिवे आहेत आणि पाचला माणसं फिरत असतात. एक किलोमीटरचा उजेडातला पट्टा धर आणि त्याच्यावर पाच फेऱ्या मार, कंटाळवाणं वाटलं तर वाटू दे. अंधारात नुसतं सावकाश पळायचं, जोराचं पळणं ग्राउंडवर, सपाट जागी, दिसतंय तेव्हा. लांबचं अंतर रविवारी, साडेसहाच्या पुढं. हायवेच्या सर्व्हिस रोडचं तर नावच काढू नकोस.

कुत्र्यांचं म्हणालीस. मटणाच्या दुकानांपाशी ती असतातच. पळायचं थांबव, त्यांच्याकडं तोंड कर, डोळ्यात डोळे घालू नकोस, हळूहळू मागं सर. चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना काय लावायचा नाही, आणि त्याच दिवशी सीपीआरला, आपल्या सरकारी दवाखान्यात, जाऊन इंजेक्शन. पुढचे डोस चुकवायचे नाहीत. शेताच्या कडेला रात्री मण्यार निघते, तिथं दिवा पायापुढं असू दे. पावसात साठलेल्या पाण्यातनं पळायचं नाही, खाली खड्डा आहे की उघडं चेंबर ते कळत नाही.

दुसरी गोष्ट आई बोलली नसेल पण तिच्या पोटात तीच भीती असणार. ती मला बाप्या माणसानं सांगणं अवघड जातंय. कोण मागं लागला, कोण काय बोलला तर चूक तुझी नसते, हे पहिलं. पण रोज तीच वेळ तोच रस्ता ठेवू नकोस. व्हॉट्सॲपवर लाईव्ह लोकेशन एक तासाचं आईला लावून निघ, तिला बघायला येत नसलं तर भावाला. पळायचं ॲप वापरत असशील तर घराजवळची सुरुवात आणि शेवट त्यात झाकायची सोय असते, ती चालू कर. ११२ एका बटणावर ठेव. आणि खिशात चिठ्ठी, नाव, रक्तगट, घरचा नंबर. त्या दिवशी माझ्या मित्राच्या खिशात काय नव्हतं, आणि मला त्याच्या घरचा नंबर आठवंना, दोन गल्ल्या सोडून राहायचा तरी.

तर सोडू का म्हणालीस. नको सोडू. मी सोडलं होतं, चार वर्षं, लाजेनं म्हण किंवा भीतीनं म्हण, आणि त्यानं त्याचा पाय काय बरा झाला नाही. लोक म्हणाले तूच नेलंस त्याला रस्त्यावर. नेलं नव्हतं मी, तो स्वतः यायचा, माझ्या आधी दारात उभा असायचा. ट्रॉलीला मागं लाल काच नव्हती हा काय माझा दोष? ऊस बाहेर आलेला हा माझा दोष? तीस वर्षं मी हेच सांगतोय सगळ्यांना. पण "गेली, चल" हे मी म्हणालो होतो. नुसती पहिली ट्रॉली गेलेली बघून म्हणालो होतो, आणि त्या ड्रायव्हरला आम्ही दिसलो का हा विचार आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. मग मी तुला असं पळत कसं सोडू?

शनिवारी रात्री आठला ग्राउंडच्या मागच्या रस्त्यावर ये, तिकडं रहदारी नसते. भावाला गाडी घेऊन यायला सांग आणि तू त्याच्या मागं बस, डिपर लावून चाळीसनं यायचं. मी काळं जाकीट घालून कडेला उभा राहतो, एकदा पट्ट्या बांधून आणि एकदा तसाच. तू फक्त मी पहिल्यांदा कुठं दिसलो तिथं "दिसला" म्हणून ओरड. दोन्ही जागांवर आपण खडूनं रेघ मारू आणि पावलं मोजू.

येताना जुने बूट आण, टाचेला पट्टी शिवून देतो.

मामा