लग्नाचे फोटो चाळणारं टेबलावरचं एआय यंत्र घरीच बनवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरमध्ये तीन जणांचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. फोटो चाळणं, फायलींना नावं देणं, अल्बमच्या पानांवर नावं टाकणं यातच रात्री जातात. गिऱ्हाइकांचे फोटो इंटरनेटवर न चढवता हे सगळं करणारं, टेबलावर मावणारं यंत्र बनवायचंय.

बनवता येईल. फक्त ते एक यंत्र समजू नका, दोन समजा: हाताखालची शॉर्टकट बटणांची पेटी आणि मॉडेलं चालवणारा डबा. दोन्ही एकाच खोक्यात कोंबली की पंख्याची घरघर आणि गरम हवा थेट एडिटिंग करणाऱ्याच्या मनगटापाशी येते. पेटी मुद्दाम अडाणी ठेवा. संगणकाला ती साधा यूएसबी कीबोर्ड वाटली पाहिजे, म्हणजे डबा बंद पडला तरी बटणं चालत राहतात आणि काम अडत नाही.

पेटीसाठी रास्पबेरी पाय पिको (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), 9 मेकॅनिकल बटणं आणि एक ईसी11 फिरकी (रोटरी एन्कोडर) पुरते. 9 बटणांसाठी मॅट्रिक्स (ओळी-रकान्यांची सामाईक जोडणी) आणि डायोडच्या भानगडीत पडू नका. पिकोला 26 जीपीआयओ, म्हणजे बटणं वगैरे जोडायच्या पिन, आहेत, प्रत्येक बटणाला एक पिन द्या. सर्किटपायथन (अशा बोर्डांवर चालणारं पायथन) आणि केएमके (त्यावरचं तयार कीबोर्ड सॉफ्टवेअर) वापरलं की कोड पानभरही होत नाही. वरच्या पट्टीत बटणाचं भोक 14 गुणिले 14 मिमी आणि दोन बटणांच्या मध्यांमधलं अंतर 19.05 मिमी ठेवा. इथे हमखास एक चूक होते. लेझर कटिंगवाल्याकडे 3 मिमीचं अ‍ॅक्रिलिक सहज मिळतं म्हणून तेच घेतलं जातं, पण बटणांच्या खाचा 1.5 मिमी जाडीच्या पट्टीवर अडकतात. जाड पट्टीत बटण नुसतं बसतं, आणि कॅप काढायला गेलात की अख्खं बटण हातात येतं. फिरकी उड्या मारत असेल तर तिच्या ए आणि बी पिनपासून ग्राउंडला 10 नॅनोफॅरडचा एकेक कपॅसिटर लावा. एका टिचकीला आकडा चारने सरकत असेल तर बिघाड समजू नका, कोडमधला भाजक 4 करा.

डब्याचं म्हणाल, तर स्टुडिओच्या पीसीत 8 जीबीचं ग्राफिक्स कार्ड आधीच असेल तर नवीन काही घेऊ नका, तोच डबा. नसेल तर फोटो चाळण्यापुरता 8 जीबीचा रास्पबेरी पाय 5 हा छोटा संगणक चालतो. दर फोटोला 1 सेकंद धरला तरी 4,000 फोटो साधारण 67 मिनिटांत होतात, आणि जेवणाच्या सुट्टीत ते चालतं. वेगासाठी हेलो (Hailo) या एआय चिपची एआय हॅट, म्हणजे पायवर बसणारा जोडबोर्ड, लावता येते, पण प्रत्येक मॉडेल त्या चिपसाठी वेगळं कंपाइल करावं लागतं, म्हणून सुरुवातीला तिच्याशिवायच चालवून बघा.

पाय 5 ला 5 व्होल्ट 5 अँपियरचाच अ‍ॅडॉप्टर द्या. 3 अँपियरच्या अ‍ॅडॉप्टरवर तो चालू होतो, पण यूएसबीला एकूण 600 मिलिअँपियरच सोडतो, आणि बाहेरून लावलेली एसएसडी कॉपी चालू असतानाच डिस्कनेक्ट होते. मग लोक एसएसडीला दोष देतात. सिस्टिम एसडी कार्डावर ठेवू नका, एनव्हीएमई एसएसडीवर ठेवा आणि डब्याला छोटा यूपीएस लावा. पावसाळ्यात वीज गेली की कार्ड खराब होण्याची भीती मोठी असते. एसएसडी, यूपीएस इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये बघा.

उष्णतेचा विचार इंदूरच्या मे महिन्याला धरूनच करा. खोली 40 अंशांवर, डबा बंद, आणि पाय 80 अंशांना वेग कमी करायला लागतो. अ‍ॅक्टिव्ह कूलर हवाच, खाली आणि मागे जाळी हवी. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए नको, ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, पीईटीजी घ्या.

डबा राउटरला वायरने जोडा. 4,000 रॉ फायली (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फायली) प्रत्येकी 25 एमबी म्हणजे 100 जीबी. गिगाबिट केबलवरून त्या साधारण पाव तासात जातात. फोल्डर डब्यावरच ठेवा आणि सांबाने (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर) शेअर करा. उलट केलंत, म्हणजे पीसीवरचं फोल्डर डब्याने बघत राहायचं असं ठेवलंत, तर आयनोटिफायला (नवी फाइल आल्याचं कळवणारी लिनक्सची सोय) नेटवर्कपलीकडच्या नव्या फायली कळतच नाहीत. फाइल दिसली की लगेच उघडू नका. आकार 5 सेकंद बदलला नाही, मगच रांगेत घ्या. नाहीतर अर्धवट उतरलेला फोटो ‘खराब’ म्हणून बाजूला पडतो.

आता चाळणी. खरी मेहनत इथे आहे, आणि बाहेरची तयार साधनं आपल्याकडच्या लग्नांत इथेच घसरतात.

रॉ फाइल पूर्ण उलगडायची गरज नाही, आत जेपीईजी प्रिव्ह्यू असतो, तो एक्झिफटूलने (फोटोतली माहिती वाचणारं-बदलणारं साधन) काढा. फोटो हलला आहे का हे बघायला लाप्लासियनचा व्हेरिअन्स काढतात: कडा जितक्या स्पष्ट, तितका हा आकडा मोठा. तो अख्ख्या फोटोवर काढला तर मागची फुलांची सजावट सुस्पष्ट आणि नवरीचा चेहरा हललेला, तरी फोटो पास होतो. म्हणून आधी चेहरा शोधा, तेवढाच तुकडा कापा, सगळे तुकडे 160 पिक्सेल रुंदीवर आणा आणि मग मोजा. लहान करण्याचा दुसरा फायदा असा की जास्त आयएसओमुळे फोटोत येणारे दाणे दबतात. ते न दाबता मोजलं तर दाण्यांमुळेच आकडा वाढतो आणि रात्रीच्या वरातीतला हललेला फोटो उत्तम ठरतो. होमाच्या धुरात याच्या बरोबर उलट होतं: फोटो छान असतो, पण धुरामुळे आकडा पडतो. त्यामुळे एकच मर्यादा सगळ्या लग्नाला लावू नका. वेळेनुसार विधींचे गट करा आणि प्रत्येक गटात खालचे 10 टक्के फक्त ‘बघून घ्या’ म्हणून काढा.

मिटलेल्या डोळ्यांचंही तसंच. मीडियापाइप ही गूगलची लायब्ररी चेहऱ्यावरचे 468 बिंदू देते, त्यावरून पापणीची उघडझाप कळते. पण मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाटामागे नवरीची नजर खाली असते, नमस्कार करताना डोळे मिटलेले असतात, आणि अल्बमला नेमके तेच फोटो हवे असतात. म्हणून ही तपासणी फक्त समूह फोटोंना लावा, जिथे चार-पाच चेहरे कॅमेऱ्याकडे बघताहेत.

सारखे फोटो ओळखायला 64 बिटांचा परसेप्च्युअल हॅश (फोटो कसा दिसतो याचा छोटा ठसा) आणि 8 पर्यंतचं हॅमिंग अंतर (दोन ठशांत वेगळ्या असलेल्या बिटांची संख्या) धरता येतं. मात्र रिसेप्शनला हे अंगलट येतं. तेच स्टेज, तेच नवरा-नवरी, फक्त पाहुणे बदलतात. हॅशला सगळे एकच वाटतात, आणि एखाद्या काकांचं अख्खं कुटुंब अल्बममधून गायब होतं. हॅश जुळतोय आणि दोन फोटोंत 2 सेकंदांपेक्षा कमी अंतर आहे, तेव्हाच ते एका गटात घाला. लग्नात दोन कॅमेरे असतील तर त्यासाठी दोन्हींची घड्याळं जुळायला हवीत. कार्यक्रमाआधी दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलच्या सेकंदकाट्याचा फोटो घ्या. जो फरक दिसेल तो एक्झिफटूलने दुरुस्त होतो.

यंत्राने काहीही पुसायचं नाही, हलवायचं नाही. त्याने फोटोच्या शेजारी एक्सएमपी फाइल (फोटोवरच्या खुणांची छोटी फाइल) लिहायची, तारा किंवा रंगाची खूण करायची, बस. ही पायरी लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) इम्पोर्ट करण्याआधी करा. नंतर केलीत आणि ‘रीड मेटाडेटा’ दाबलंत तर कॅटलॉगमधलं केलेलं एडिटिंग त्या फाइलने पुसलं जातं. जेपीईजीला शेजारची एक्सएमपी लाइटरूम वाचत नाही, तिथे खूण फाइलच्या आत लिहावी लागते. ती प्रतीवर लिहा.

अल्बमवरची नावं टाकणं सोपं वाटतं आणि देवनागरीत फसतं. 12 गुणिले 36 इंचाचं पान 300 डीपीआयला 3,600 गुणिले 10,800 पिक्सेल होतं, ते पायथनच्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीने भरता येतं. पण पिलो राक्मशिवाय (अक्षरं नीट जोडणारी लायब्ररी) बसवलं असेल तर ‘चि.’ मधली वेलांटी च च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘श्री’ फुटतं. पहिली चाचणी ‘चि. सौ. कां.’ आणि ‘कृष्णार्पण’ छापून घ्या. गिऱ्हाइकाकडून मजकूर कृती देव या जुन्या फाँटमध्ये आला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदला. त्या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त देवनागरीची चित्रं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटत असतील तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा.

स्टुडिओत वापरायला घेण्याआधी एक जुनं, पूर्ण झालेलं लग्न डब्यातून काढा. अल्बममध्ये गेलेले फोटो तुम्हाला माहीत आहेतच. त्यातले किती फोटो यंत्राने ‘बघून घ्या’त टाकले ते मोजा आणि प्रत्येकाचं कारण लिहा: धूर, खाली नजर, हॅश, अर्धवट फाइल. जे कारण सर्वात जास्त वेळा आलं, तिथलीच मर्यादा बदला आणि तेच लग्न पुन्हा चालवा. ‘एकसारखे’ ठरवून झाकलेल्यांत अल्बमचा एकही फोटो सापडत नाही तोवर तो भाग बंद ठेवा. बाकीचं त्याआधीही वापरता येईल.