लिव्हर सैल, बॉनेट बंद

प्रश्न : आमची लहान हॅचबॅक 11 वर्षांची आहे. पावसाळाभर अंगणातल्या पत्र्याखाली उभी होती. गणपतीला बाहेर काढायच्या आधी ऑइल बघावं म्हणून बॉनेटचा लिव्हर ओढला, तर नुसताच पुढे आला. ताण नाही, ‘खट्’ असा आवाज नाही. शेजारचे काका म्हणतात, पहार घालून कड उचला. काय करू? – एक वाचक भगिनी, देवगड

उत्तर : ताई, पहारीला अजिबात हात लावू नका. बॉनेटचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो आणि लॉक असतं मधोमध, जाळीच्या मागे. कड उचलली की पत्रा वाकतो, रंग उडतो, लॉक मात्र होतं तिथेच. अशी वाकवलेली बॉनेटं मी गॅरेजमध्ये बघतो तेव्हा वाईट वाटतं, कारण केबलच्या खर्चावर डेंटिंग-पेंटिंगचा खर्च चढलेला असतो.

तुमच्या चिठ्ठीतलं ‘ताण नाही’ हे सगळ्यात कामाचं. लिव्हर जड लागला असता तर लॉक गंजलंय किंवा चिखलानं धरलंय असं मी म्हटलं असतं. सैल आहे म्हणजे केबल तुटली आहे किंवा कुठल्यातरी टोकाला निसटली आहे. सायकलच्या ब्रेकची असते तशीच ही केबल: बाहेर आऊटर, आत पिळाची इनर तार. आऊटर जागेवर धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप मोडली, तरी लिव्हर असाच सैल पडतो. आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत इनर आतून गंजते आणि बहुतेक वेळा टोकाशी, जिथे ती वळते तिथे, तुटते.

आधी बिनखर्चाचा उपाय. एकानं लिव्हर पूर्ण ओढून धरायचा, दुसऱ्यानं लॉकच्या बरोबर वर दोन्ही तळवे ठेवून बॉनेट खाली दाबायचं आणि झटकन सोडायचं. चार-पाच वेळा करा. केबल नुसती ढिली झाली असेल तर एवढ्यानंही सुटतं.

नाही सुटलं तर ड्रायव्हरच्या पायाशी बॅटरी घेऊन वाका. लिव्हरच्या मागे बघा, इनरचं टोक दिसतंय का. बऱ्याच गाड्यांत लिव्हरचा ब्रॅकेट एकदोन बोल्टवर असतो. तो काढला की हात नीट पोचतो. तिथला पिवळा प्लग दिसला तर त्याला धक्का लावू नका, तो एअरबॅगचा असतो. आता एका हातानं आऊटर घट्ट धरा आणि दुसऱ्या हातातल्या पकडीत इनरचं टोक पकडून सरळ रेषेत ओढा. आऊटर धरायला लोक विसरतात, मग अख्खी केबलच सरकते आणि लॉकपर्यंत ओढ पोचत नाही. साधी पक्कड घसरत असेल तर वाइस ग्रिप आणा, ती तारेला चावून बसते. समोर ‘खट्’ ऐकू आलं की बॉनेट बोटभर वर येईल. पुढचा सेफ्टी खटका नेहमीसारखा हातानंच सरकवायचा.

तार लॉकच्या टोकाला तुटली असेल तर मात्र घरी झटापट करू नका. शिकाऊ असताना मी एका गाडीच्या जाळीतून लांब स्क्रूड्रायव्हर घातला आणि लॉकऐवजी रेडिएटरमध्ये खुपसला. हिरवं कूलंट जमिनीवर सांडलं आणि मालक गाडी तिथेच सोडून एसटीनं गावी गेले. तेव्हापासून मी आधी जाळी काढतो किंवा गाडी वर घेऊन खालचं प्लॅस्टिक कव्हर सोडतो, लॉकची जीभ डोळ्यांनी बघतो आणि मगच हुक लावतो. इंजिन थंड हवं, चावी खिशात हवी. गरम इंजिनावर काही गाड्यांचा पंखा चावी काढल्यावरही फिरू लागतो. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरायचं नाही, खाली स्टँड हवेतच.

उघडलं की लगेच बंद करू नका! नवी केबल बसेपर्यंत लॉकच्या जिभेला मजबूत तार बांधून तिचं टोक जाळीतून बाहेर काढून ठेवा. जुनी केबल काढताना तिच्या टोकाला सुतळी बांधा. केबल बाहेर येताना सुतळी डॅशबोर्डमागच्या रबरातून तिच्या वाटेनं आत जाते आणि पुढे तीच नव्या केबलला ओढून नेते. ही सुतळी नसली तर मिस्त्रीचा अर्धा दिवस जातो. लॉक ब्रशनं घासून त्यावर पांढरं ग्रीस लावा. इंजिनचं जुनं ऑइल नको, धूळ धरून ते घट्ट होतं.

प्रश्न : केबल बदलली, पण आता बॉनेट पूर्ण बसत नाही, सेफ्टी खटक्यावरच अडकतं. जपून चालवली तर चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, दादा. सेफ्टी खटका थोड्या वेळापुरता असतो. हमरस्त्यावर वारा आत शिरला की बॉनेट उलटून काचेवर आपटतं आणि पुढचं काहीच दिसत नाही. नवी केबल जास्त ताणून बसवली असेल, म्हणून लॉकची जीभ पूर्ण परत येत नाही. बॉनेट उघडं असताना जीभ स्क्रूड्रायव्हरनं खाली दाबून बघा: ती धरली पाहिजे आणि लिव्हर ओढल्यावर सुटली पाहिजे. धरत नसेल तर केबल थोडी सैल करून घ्या. तोवर गाडी घरीच राहू दे.