सहा महिने कीलमध्ये: हर्णैच्या एका आईच्या पत्राला उत्तर

पत्र थोडक्यात असं: मुलगी रत्नागिरीला सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. करते. कॉलेजच्या विद्यार्थी-अदलाबदलीच्या करारातून तिची जर्मनीतल्या कील शहरी एका सत्रासाठी निवड झाली आहे, ऑक्टोबरमध्ये निघायचं आहे. रत्नागिरीत ती मावशीकडे राहते, एकटी कधी राहिलेली नाही. घरची मासेमारीची होडी आहे, पण एकदम मोठी रक्कम बाजूला काढणं सोपं नाही. ‘सहा महिन्यांनी परतच यायचं तर एवढा खटाटोप कशाला? आणि तिकडे तिचं निभेल का?’

ताई,

तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे येतोच, पण आधी मलाच एक विचारू द्या. इथली सत्रपरीक्षा होईल तेव्हा मुलगी कीलमध्ये असेल. मग त्या सत्राचं काय करणार, हे कॉलेजने लेखी दिलं आहे का? ‘बघू, होईल’ यावर विमानात बसवू नका. तिथला कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाऐवजी धरला जाईल, याचा करार होतो. त्याला लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात. त्यावर विभागप्रमुखांची सही हवी आणि परीक्षा विभागालाही तो मान्य असायला हवा. युरोपात एका सत्राला ३० क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या भाराचे अंक, धरतात, आपल्याकडे एम.एस्सी.ला साधारण २० ते २२. हा हिशेब जाण्याआधी बसला नाही, तर शिकून आलेली मुलगी इथे एटीकेटीच्या रांगेत उभी राहते. गुणांचंही सांगून ठेवतो: तिथे १.० म्हणजे सर्वांत उत्तम, ४.० म्हणजे कसंबसं पास. १.७ आले म्हणून मावशीने काळजी करू नये.

आता पैसे. अदलाबदलीच्या करारात सहसा तिथली फी माफ असते, इथली चालू राहते. शिवाय तिथे सत्रशुल्क म्हणून थोडी रक्कम भरावी लागते. खरा बोजा राहण्या-खाण्याचा. व्हिसासाठी जर्मनी दरमहा ९९२ युरो दाखवायला सांगते, स्कॉलरशिप नसेल तर बहुधा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे आधीच पैसे भरून ठेवायच्या बंद खात्यात. युरो शंभर रुपये धरला तर सहा महिन्यांचे सहा लाखांच्या घरात जातात, प्रत्यक्ष भाव त्याहून चढा असला तर तेवढी भर. हे पैसे तिचेच, पण दर महिन्याला ठरावीक हप्त्यानेच हातात येतात. विद्यार्थ्यांचा आरोग्यविमा महिन्याला साधारण दीडशे युरो खातो. ‘तिथे पार्टटाइम करून भागवेल’ असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे हे खरं, पण जर्मन न बोलणाऱ्या मुलीला पाच महिन्यांत नोकरी शोधून, प्रयोगशाळा सांभाळून किती मिळणार? कराराबरोबर स्कॉलरशिप आहे का, हे कॉलेजला स्पष्ट विचारा. नसेल आणि त्यासाठी होडी गहाण टाकावी लागणार असेल, तर माझं मत ‘नको’ असं आहे. या एका सत्रावर कुणी नोकरी देत नाही.

निभेल का? मुलगा बारावी होऊन मुंबईला काकाच्या दहा बाय दहाच्या खोलीत राहायला गेला, तर कोकणात हा प्रश्न कुणी विचारत नाही. चाकरमान्यांच्या मुलुखात मुलीचं निघालं की मात्र विचारतात. माझ्या अनुभवात अशा सत्रात मुलं अभ्यासात क्वचित अडकतात. अडकतात ती पहिल्या तीन आठवड्यांतल्या किरकोळ वाटणाऱ्या कामांत.

खोली मिळाली की दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. ही नोंद नसेल तर पुढची बरीच सरकारी कामं अडतात. खोली आगाऊच शोधायला हवी, कारण विद्यार्थी वसतिगृहांना प्रतीक्षायादी असते. न बघितलेल्या खोलीसाठी अनोळखी माणसाला इथून पैसे पाठवायचे नाहीत, हे तिला दोनदा सांगा. टीव्ही नसला तरी दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो प्रसारणशुल्क भरावं लागतं. त्याचं पत्र आलं की मुलं फसवणूक समजून फेकून देतात आणि मग दंडाची पत्रं येतात. चौघी एकत्र राहत असतील तर चौघींत मिळून एकच.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी बाजार केला नाही तर रविवारी मॅगी. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या मशीनमध्ये परत मिळते. रात्री दहानंतर शांतता पाळायची, म्हणजे घरी फोनवर मोठ्याने बोलणंही बेतानेच. थंडीतही दिवसातून दोन-तीनदा खिडकी सताड उघडून खोलीत हवा घ्यायची, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि घरमालक अनामतीतून कापतो. बुरशी काय असते हे हर्णैच्या मुलीला शिकवायला नको.

सामानाचं. तूप, खवा, मटणाचं काहीही युरोपात नेता येत नाही. हापूसलाही रोपस्वच्छतेचा दाखला लागतो, तेव्हा तो विसरा. नारळाला मात्र तो लागत नाही, आणि साफ केलेली सुकी मासळी स्वतःपुरती नेता येते. नियमाने वीस किलोपर्यंत! पण स्वयंपाकघर चार देशांच्या मुलींचं सामायिक असतं. सोडे भाजायचे असतील तर आधी विचारावं, आणि धुराचा अलार्म कुठे आहे तेही पाहावं.

कील बाल्टिक समुद्रावर आहे. भरती-ओहोटी जवळजवळ नाही, पाणी आपल्यापेक्षा बरंच कमी खारट, आणि दाभोळ-धोपावे करतो तशी फेरीबोटीने खाडी ओलांडून लोक कामाला जातात. हे तिला आवडेल. जड जाईल तो नोव्हेंबर-डिसेंबर. दुपारी चारच्या सुमाराला अंधार पडतो. उजेड असताना रोज अर्धा तास बाहेर पडणं आणि विद्यापीठाच्या खेळांच्या एखाद्या गटात नाव घालणं, हे तिने सुरुवातीलाच करावं. नंतर उत्साह राहत नाही. ऑक्टोबरअखेरीस त्यांची घड्याळं मागे गेली की फरक साडेचार तासांचा होतो. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे तिचे दुपारचे साडेचार. रविवारी निवांत बोला. रोज तीन व्हिडिओ कॉल झाले तर ती शरीराने कीलमध्ये आणि मनाने हर्णैत राहील.

तयारी आतापासून इथेच करून घ्या. पासपोर्ट, बँक, व्हिसाचा अर्ज, विम्याची चौकशी, सगळं तिने करावं. बाबांनी बरोबर जायला हरकत नाही, पण खिडकीशी तिने बोलावं. दोन महिने मावशीकडचं रात्रीचं जेवण तिने रांधावं आणि महिन्याचा खर्च लिहावा. यात ती रडकुंडीला आली तर आत्ताच कळेल, आणि सुधारायला वेळही आहे.

परत येऊन काय? कीलमध्ये गेओमार ही समुद्रसंशोधनाची मोठी संस्था आहे. तिथल्या एखाद्या गटात शिरून काम करता आलं आणि एखाद्या प्राध्यापकाने शिफारसपत्र दिलं, तर पुढे पीएच.डी.साठी ते मोलाचं, मग ती गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत करायची असो की डाड या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाणीच्या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर जर्मनीत. नुसती लेक्चरं ऐकून आणि फोटो काढून आली तर एवढ्या पैशांचा उपयोग नाही. म्हणून तिने आत्ताच तिथल्या दोन-तीन गटांना ईमेल करावेत: मी काय शिकते, मला काय शिकायचं आहे, चार ओळींत.

ते मसुदे, लर्निंग ॲग्रीमेंटचा कच्चा कागद आणि दोन्हीकडचा अभ्यासक्रम घेऊन तिला माझ्याकडे पाठवा. एकटीला पाठवा.