इरादापत्रावर काम सुरू केले. आता हॉटेल म्हणते की करारच झाला नव्हता. पैसे मिळतील का?

आपल्या प्रश्नातील हकीकत थोडक्यात अशी: कळंगुटच्या एका हॉटेलने स्वयंपाकघराच्या स्टीलकामासाठी आपल्या म्हापशाच्या वर्कशॉपला इरादापत्र (लेटर ऑफ इंटेंट) दिले, त्यात ‘संचालक मंडळाच्या अंतिम मंजुरीच्या अधीन’ अशी अट होती, साइट इंजिनिअरच्या सांगण्यावरून आपण निम्मी टेबले व रॅक बसवली, आणि आता मंजुरी नाही असे सांगून हॉटेलने हात वर केले आहेत.

गोव्यात कौटुंबिक बाबींना पोर्तुगीज नागरी संहिता लागते म्हणून काहींचा गोंधळ होतो. या व्यवहाराला मात्र भारतीय करार कायदा, 1872 हाच लागतो. त्याच्या कलम 7 प्रमाणे स्वीकृती बिनशर्त हवी. सर्वोच्च न्यायालयाने ड्रेसर रँड खटल्यात (2006) म्हटले आहे की इरादापत्र हे सहसा पुढे करार करण्याचा मनोदय दाखवते, पण मजकुरातून बांधून घेण्याचा हेतू स्पष्ट होत असेल तर ते स्वीकृतीही ठरू शकते. साउथ ईस्टर्न कोलफिल्ड्सच्या प्रकरणात (2021) कंत्राटदाराने काम सुरू करूनही करार पूर्ण झाला नाही असे ठरले. तिथे करार झाल्याचा आग्रह काम देणाऱ्या कंपनीचा होता, म्हणजे बाजू आपल्या उलट होत्या, हे ध्यानात घ्यावे.

म्हणून ‘करार झाला’ याच मुद्द्यावर सारी भिस्त ठेवू नये, असे माझे मत आहे. इंजिनिअरला हॉटेलला बांधून घेण्याचा अधिकार होता का, हाच पहिला प्रश्न विचारला जाईल. आपला भक्कम आधार याच कायद्याचे कलम 70 आहे: फुकट करण्याचा इरादा नसताना दिलेल्या वस्तूचा किंवा केलेल्या कामाचा लाभ समोरच्याने घेतला, तर त्याला भरपाई द्यावी लागते किंवा वस्तू परत करावी लागते. बसवलेल्या टेबलांवर आज हॉटेलचे आचारी भाजी चिरत असतील, तर तो लाभच. वर्कशॉपमध्ये कापून पडलेल्या पत्र्याचे पैसे मात्र या कलमाखाली मागता येणार नाहीत, कारण तो माल हॉटेलला मिळालेलाच नाही.

मंडळाच्या बैठकीत विषय आलाच होता का, हे हॉटेलला पाठवायच्या नोटिशीत जरूर विचारावे. बसवलेला माल स्वतः जाऊन उचकटू नये. उलट आपल्यावरच पोलीस तक्रार व्हायची. वाद व्यापारी स्वरूपाचा आणि रक्कम 3 लाखांपेक्षा कमी नसेल, तर तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसल्यास दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. सही असलेली डिलिव्हरी चलने वकिलाकडे द्यावीत, आणि इंजिनिअरचे व्हॉट्सॲप संदेश ज्या फोनवर आले तो फोन तूर्त बदलू नये.