पहिल्या दूरसागरी शर्यतीच्या तयारीविषयी

मुंबईहून गोव्याच्या दिशेने जाणाऱ्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत तुम्ही प्रथमच उतरत आहात, म्हणून सांगतो: शीड लहान करण्याचा सराव बंदरातच, तोही अंधारात करा. वाऱ्याचा वेग १० नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) २० नॉटवर गेला की शिडावरील दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. त्या वेळी दोर शोधत बसण्यास सवड नसते. रीफ घ्यावी का, म्हणजे शीड गुंडाळून लहान करावे का, असा प्रश्न मनात आला तेव्हाच ती घ्यावी.

कोकणचा किनारा पश्चिमाभिमुख असल्याने पश्चिमेचा जोरदार वारा बोटीला सरळ खडकांकडे लोटतो. अशा वेळी जवळची खाडी गाठण्याचा मोह होतो. परंतु अनेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत आणि ओहोटीचे पाणी लाटांना भिडले की तेथे लाटा उभ्या फुटतात. जयगडसारखे खोल बंदर वेळेत गाठता येत नसेल, तर खोल समुद्रातच राहणे मला अधिक सुरक्षित वाटते. पावसाळा सरला म्हणून निर्धास्त राहू नका. फयान वादळ नोव्हेंबर २००९ मध्ये आले होते.

हार्नेसचा, म्हणजे खलाशाला बोटीशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचा, हूक केबिनमधून बाहेर पडण्यापूर्वीच अडकवावा. इंग्लंडहून निघणाऱ्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत १९७९ मध्ये वादळामुळे १५ स्पर्धक दगावले आणि खलाशांनी सोडून दिलेल्या अनेक बोटी नंतर तरंगत्या सापडल्या. त्यामुळे बोट खरोखर बुडत असल्याशिवाय लाइफराफ्टमध्ये (जीव वाचवण्याच्या फुगवट्या तराफ्यात) उतरू नये. उलटीवरील गोळी मात्र निघण्यापूर्वीच घ्या.