‘अवकाशवैद्यकाचे बाजारीकरण’ म्हणावे का?

अंतराळवीरांच्या आरोग्यासाठी झालेले संशोधन पुढे पृथ्वीवरच्या रुग्णांना विकत मिळू लागते, त्यावरच्या लेखाचा अनुवाद एक वाचक करत आहेत. त्यांनी शीर्षक दिले ‘अवकाशवैद्यकाचे बाजारीकरण’, आणि संपादकांनी ते अडवले. ‘व्यावसायिकीकरण’ लिहावे का, ‘स्पिन-ऑफ’ला (मूळ संशोधनातून पुढे निघालेल्या उत्पादनाला किंवा कंपनीला) ‘उपउत्पादन’ चालेल का, आणि ‘पार्थिव उपयोग’ या शब्दांवर संपादक का दचकले, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

माझ्या मते संपादकांचे बरोबर आहे. ‘-ईकरण’ हे संस्कृत व्याकरणातल्या च्वि-प्रत्ययाचे रूप. व्याकरणपरंपरा त्याचा अर्थ ‘अभूततद्भाव’ असा सांगते: जे तसे नव्हते, ते तसे होणे. शुद्ध नव्हते ते शुद्ध केले की शुद्धीकरण, बँक राष्ट्राच्या मालकीची झाली की राष्ट्रीयीकरण. म्हणजे ज्याचे ‘-ईकरण’ होते त्याचे रूपच पालटते. मराठीने हा नियम पुढे सैल केला, हे मान्य. विद्युतीकरण झालेले गाव काही वीज होत नाही. त्यामुळे निवाडा नुसत्या व्याकरणावर होणार नाही, वापर पाहायला हवा. शिक्षणाचे बाजारीकरण, आरोग्यसेवेचे बाजारीकरण, नात्यांचे बाजारीकरण. हा शब्द तक्रार केल्याशिवाय तोंडात येतच नाही. तुमच्या लेखात तक्रार नसेल, तर शीर्षक वाचकाला पहिल्याच पावलावर चुकीच्या दिशेला नेईल. तक्रार असेल, नफ्यापायी संशोधनाची दिशाच बदलली असे लेखकाला म्हणायचे असेल, तर मात्र याच्याइतका नेमका शब्द दुसरा नाही. तेव्हा तो त्या कामासाठी राखून ठेवावा.

‘व्यावसायिकीकरण’ची अडचण वेगळी. मराठीत ‘व्यावसायिक’ म्हणजे धंद्याचा, आणि व्यवसाय म्हणून एखादे काम करणारा, शिस्तीचासुद्धा. ‘वैद्यकाचे व्यावसायिकीकरण’ वाचून कोणाला वाटेल की वैद्यक पूर्वी हौशी लोक करत होते आणि आता प्रशिक्षित डॉक्टर करू लागले. ‘व्यापारीकरण’ त्यापेक्षा स्पष्ट आहे, पण बाजारीकरणाची सावली त्याच्यावरही पडते.

माझी सूचना आहे ‘उपयोजन’. उपयोजित गणित, उपयोजित भाषाविज्ञान यांमुळे हा शब्द ओळखीचा आहे, आणि या विषयाच्या इतिहासाशीही तो जुळतो. नासाची स्थापना ज्या 1958च्या कायद्याने झाली, त्यात मिळालेल्या माहितीचा शक्य तितका व्यापक प्रसार करण्याची जबाबदारी संस्थेवर टाकलेली आहे. त्यासाठी 1960च्या दशकात जो कार्यक्रम चालला, त्याचे नाव होते ‘टेक्नॉलॉजी युटिलायझेशन’, म्हणजे तंत्रज्ञानाचा वापर. नावात व्यापार नव्हता, वापर होता. पैशाची बाजू दाखवायचीच असेल तर ‘व्यावसायिक उपयोजन’ म्हणा. इथे ‘व्यावसायिक’चा दुसरा अर्थ आड येत नाही. आणि जिथे वाक्यात क्रियापद बसते तिथे नामाचा हट्टच नको. ‘संशोधनाचे व्यावसायिक उपयोजन करण्यात आले’ यापेक्षा ‘संशोधन बाजारात आणले’ हे कधीही चांगले.

आता ‘स्पिन-ऑफ’. नासा 1976पासून याच नावाचे वार्षिक प्रकाशन काढते, त्यामुळे शब्द रुळला. पण ‘उपउत्पादन’ मला पटत नाही, आणि इथे मी जरा आग्रही आहे. लाकूड कापताना भुसा पडतो, ते उपउत्पादन. त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. अवकाशवैद्यकातले काहीही असे आपसूक पडलेले नाही.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या ट्रेडमिलचेच पाहा. अवकाशात वजन जाणवत नाही, म्हणून भार पेलणारी हाडे झिजतात. कमरेच्या भागात महिन्याला साधारण 1 ते 1.5 टक्का घनता कमी होते. नासाच्या एम्स केंद्रात रॉबर्ट व्हेलन यांनी विचार केला, की हवेच्या दाबातल्या फरकाने धावणाऱ्याला पट्ट्यावर खाली दाबून धरता येईल. पृथ्वीवर तीच कल्पना उलटी केली: दाबाने माणसाला वर उचलायचे, म्हणजे गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला अंगावरचा भार कमी करून चालता येते. हा भार मूळ वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो. त्यासाठी परवाना घेतला गेला, 2005मध्ये अल्टरजी ही कंपनी उभी राहिली, आणि 2008मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली. कल्पना अक्षरशः डोक्यावर उभी करावी लागली. याला भुसा कसे म्हणायचे?

मी ‘फुटवा’ सुचवेन. खोडाच्या बुडातून निघणारा नवा कोंब तो फुटवा. मूळ झाडाचाच, पण पुढे स्वतःच्या मुळांवर उभा राहणारा, आणि जपला नाही तर वाळणारा. इंग्रजी शब्द उत्पादनालाही लागतो आणि मूळ संस्थेतून निघालेल्या कंपनीलाही. फुटवा दोन्हीकडे चालतो. मार्टेक ही दुसऱ्या प्रकारची. लांबच्या मोहिमांसाठी शेवाळ वाढवण्याच्या संशोधनात मार्टिन मॅरिएटा कंपनीत काम करणारे शास्त्रज्ञ 1985मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी ही कंपनी काढली. बाळांच्या दुधाच्या पावडरीत घालायचे डीएचए हे मेदाम्ल तिने सूक्ष्म शेवाळापासून तयार केले.

मात्र सगळ्यालाच फुटवा म्हणू नका. 2011मध्ये अटलांटिस यानाच्या शेवटच्या फेरीत उंदीर पाठवून, हाडांची वाढ रोखणाऱ्या स्क्लेरोस्टिन या प्रथिनाला अडवणाऱ्या प्रतिपिंडाची चाचणी झाली. याच मार्गाने काम करणारे रोमोसोझुमॅब हे अस्थिविरलतेवरचे (हाडे ठिसूळ होण्याच्या आजारावरचे) औषध अमेरिकेत 2019मध्ये मंजूर झाले. पण त्या औषधाचे काम पृथ्वीवर आधीच चालू होते, अवकाश ही त्यातली एक प्रयोगशाळा. इथे ‘अवकाशात पारखलेले’ म्हणणे खरे, ‘अवकाशातून आलेले’ म्हणणे खोटे. टेफ्लॉनबद्दल हीच चूक सर्रास होते. त्याचा शोध 1938चा, म्हणजे नासाच्या वीस वर्षे आधीचा.

राहिला ‘पार्थिव’. पृथ्वीचे ते पार्थिव, व्युत्पत्ती निर्दोष आहे. पण आजच्या मराठीत ‘पार्थिव’ अंत्यदर्शनासाठी ठेवतात. हाडे आणि हृदय वाचवण्याविषयीच्या लेखात ‘या उपचाराचा पार्थिव उपयोग’ असे छापून आले, तर वाचकाच्या अंगावर काटाच येईल. ‘भौम’, ‘भूतलीय’ हे पर्याय कोशात सापडतात, पण वाचताना ठेच लागते. ‘पृथ्वीवरच्या रुग्णांसाठी’ असे सरळ लिहा. शीर्षक ‘अवकाशवैद्यकाचे फुटवे’ असे केले तर संपादक बहुधा अडवणार नाहीत.